तळाचा थर आणि उडती थाळी

माझ्यावर कुणी ओरडलेलं मला चालत नाही, आणि बारा वर्षांनी लहान मुलीने ओरडलेलं तर मुळीच नाही. तरीही दोन वर्षं दर रविवारी सकाळी साडेसहाला परळच्या मैदानात उभी राहून मी आमच्या कॅप्टनचं ओरडणं निमूट ऐकून घेत होते. "ताई, बाजूला हो. ताई, वाट सोड." आधी ताई म्हणायचं आणि मग हाकलायचं, अशी तिची रीत. दादरच्या हिंदू कॉलनीतली मुलगी, शुद्ध बोलते, त्यामुळे ओरडा खाल्ला तरी व्याकरणाची चूक काढता येत नाही.

खेळ होता अल्टिमेट फ्रिस्बी. मला त्यात ओढलं ऑफिसातल्या एका मुलाने. भोईवाड्यातला, ताडमाड उंच, डबे दोन खाणार आणि अंगाला काही लागणार नाही असा. त्यांची टीम पोरापोरींची मिळून होती आणि बाया कमी पडत होत्या. एकच रविवार ये म्हणाला. चौतिसाव्या वर्षी आपल्याला खेळायला कोण बोलावतं? मी गेले, आणि त्या चकतीच्या नादाला लागले ती लागलेच.

नियम थोडे आहेत. एका बाजूला सात जण. चकती हातात आली की पळायचं नाही, जागेवरूनच दुसऱ्याकडे फेकायची. समोरच्या टीमचा एक जण आपल्या तोंडासमोर उभा राहून मोठ्याने दहा मोजतो. तेवढ्यात फेकली नाही, किंवा फेकलेली खाली पडली, तर चकती त्यांची. टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की पॉइंट. आणि पंच नसतो. फाउल झाला तर आपणच सांगायचं आणि समोरच्याशी बोलून मिटवायचं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. पंच नाही आणि खेळणारी माणसं लालबाग-परळची, मग तुमचा खेळ संपतो कधी, असं त्यांनी विचारलं. उडत्या थाळीचा खेळ म्हणून त्यांनी तो मोडीतच काढला होता.

माझं घोडं अडायचं चढाईत. आमची चढाईची पद्धत अशी: दोघं चकतीपाशी, बाकीचे पाच मैदानाच्या मधोमध एकामागे एक रांगेत. रांगेच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. शेवटच्याने त्या मोकळ्या जागेत धावत यायचं. चकती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तिथे रेंगाळायचं नाही, लगेच निघून जायचं, म्हणजे पुढच्याला यायला वाट राहते. येणं मला पहिल्या दिवशी जमलं. जाणं दोन वर्षांत जमलं नाही.

त्याला कारण होतं. मी आठ वर्षं आमच्या बायकांच्या गोविंदा पथकात तळाच्या थराला होते. बाबाही तरुणपणी तळालाच. खांद्याला खांदा, मान खाली, आणि वर काहीही होवो, पाय हलवायचे नाहीत. थर डुगडुगला की भोवतीच्या कड्यातल्या प्रत्येकाने आत दाबायचं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या चाळीत साधा गॅस संपला तरी सहा जणी दारात येतात. त्यामुळे भोईवाड्याच्या पोराच्या हातात चकती अडकली आणि समोरचा सहा-सात मोजायला लागला की माझे पाय आपोआप त्याच्याकडे वळायचे.

मी एकटीच तशी नव्हते. टीममधले निम्मे जण कुठल्या ना कुठल्या पथकातले. पहिल्या वर्षी तर तो अडकला की आम्ही सहाही जण त्याच्या मदतीला धावायचो, आणि आमच्यावर नजर ठेवणारे समोरचे सहा जण आमच्या मागोमाग यायचे. फेकायला त्या बिचाऱ्याला आभाळाशिवाय जागा उरत नसे. एकदा त्याने खरोखरच सरळ वर फेकली. हळूहळू बाकीचे सुधारले. मी मात्र जित्याची खोड.

मग दादरला दोन दिवसांची स्पर्धा आली. तोवर आम्ही एकही सामना जिंकलेला नव्हता. शनिवारी दोन हरलो, आणि दुसरा माझ्यामुळे. कॅप्टन टोकाच्या पट्ट्याकडे एकटी सुटली होती, चकती तिच्याकडे निघालीही होती, आणि मी मदतीला म्हणून मधे आले. माझ्या मागून आलेल्या मुलीने हात घालून ती खाली पाडली. त्या दिवशी कॅप्टन ओरडली नाही. ते मला जास्त लागलं.

संध्याकाळी ती थेट लालबागला आमच्या घरी आली आणि कॅरम आहे का म्हणून विचारलं. घरात बाबा आणि मी दोघंच. बाबांनी कपाटामागचा बोर्ड काढला, फडक्याने पुसला आणि स्वतःही समोर मांडी घालून बसले. तिने पांढऱ्या सोंगट्या आमच्या, काळ्या त्यांच्या, अशा मांडल्या. ही चकतीवाली, ही मी, ही तू, असं सांगत शनिवारची ती चढाई जशीच्या तशी दाखवली. मी हुज्जत घातली. माणूस अडकलेला दिसतो आणि मी त्याला पाठ दाखवून पळू? हे कुठलं शहाणपण?

बाबांनी माझ्या सोंगटीवर बोट ठेवलं. "बाय गो, ही मधे कित्याक उभी? वाट अडवता ती." टिचकी मारून त्यांनी मला कोपऱ्यात उडवलं आणि स्ट्रायकरने कॅप्टनला अलगद भोकात घातलं. गिरणी बंद पडल्यावर उरलेली नोकरी लिफ्टमन म्हणून काढलेल्या माझ्या बापाला जे मिनिटभरात दिसलं, ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. मला राग आला, आणि राग आलेला बघून दोघंही हसले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोर्ड खेळून घेतला. बाबा जिंकले. तिने आमच्याकडचे पाच घावणे खाल्ले.

निघताना ती जिन्यापाशी थांबली. "ताई, उद्या पुन्हा आत आलीस तर मी तुला बाहेर बसवेन. मला आवडणार नाही, पण बसवेन."

मी घरात आले तर बाबा उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवत होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते सामना बघायला येणार होते. म्हणजे मला बाहेर बसवलं तर ते त्यांच्या डोळ्यांदेखत.

रविवारचा सामना अकरा-अकरावर आला आणि वेळ संपली. पुढचा पॉइंट घेईल तो जिंकणार. मी तोवर दोनदा आत जाता जाता वाचले होते, आणि ते कॅप्टनने पाहिलं होतं. शेवटच्या सात जणांत ती मला घेईल असं मला वाटत नव्हतं. तिने सहा जणांना खूण केली, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, चल."

आमची चढाई नीट सरकत होती. पट्टा पंधरा-वीस पावलांवर राहिला आणि चकती भोईवाड्याच्या पोराच्या हातात अडकली. मी त्याच्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत धावत गेले, पण माझ्यावर नजर ठेवणारी मुलगी चिकटून होती, त्याने फेकली नाही. समोरचा मोजत होता. चार. पाच. पोराचा चेहरा पडला आणि तो सरळ माझ्याकडे बघायला लागला. आठ वर्षांचं पथक माझ्या पायांत उतरलं. मी आत दोन पावलं टाकलीसुद्धा.

तेवढ्यात मला कॅरम बोर्ड आठवला. मधे उभी असलेली ती सोंगटी मीच होते.

मी वळले आणि पळत सुटले, त्याच्यापासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे, जीव खाऊन. त्या पोराला पाठ दाखवताना मला अक्षरशः रडू येत होतं. माझ्यावरच्या मुलीला वाटलं लांबची चकती येणार, तीही माझ्यामागे सुटली. तिचे श्वास मला ऐकू येत होते. मागून सात आलं, आठ आलं. नऊ काही आलं नाही. मग एकदम आरडाओरडा झाला. तो कुणाचा हे मला पळता पळता कळेना. मग त्यात आमच्या पोरांच्या शिट्ट्या ऐकू आल्या आणि मी थांबले.

वळून बघितलं तर मी सोडलेल्या जागेतून कॅप्टन पट्ट्यात पोचलेली, गवतात पालथी पडलेली, आणि चकती तिच्या दोन्ही हातांत. मी पोचेपर्यंत तिच्यावर सगळे पडले होते.

सामना संपला की दोन्ही टीम एकमेकांत मिसळून, खांद्यावर हात टाकून गोल उभ्या राहतात आणि समोरच्यांविषयी चांगलं बोलतात, ही या खेळातली पद्धत. त्यांच्या कॅप्टनने आमच्या कॅप्टनच्या झेलाचं कौतुक केलं. कुणी भोईवाड्याच्या फेकीचं केलं. वाकून कशी फेकली हे त्याने त्यांना दोनदा करून दाखवलं. माझ्याविषयी कुणी काही बोललं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पहिला सामना जिंकला होता, पोरं नाचत होती, मीही नाचले, पण कुणीतरी माझ्याविषयीही काही म्हणावं असं आत कुठेतरी वाटत होतं.

बाबा कडेला टपरीवरचे दोन चहा घेऊन उभे होते. इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटला होता. एक चहा त्यांनी माझ्या हातात दिला.

"झेल बघलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझी पाठ होती."

"मग जिंकलो ता तुका कळला कसा?"

"ओरडण्यावरून."

ते हसले. चहाचा एक घोट घेतला, मैदानात नाचणाऱ्या पोरांकडे बघत राहिले, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आमकाय तसाच कळायचा. इतकी वर्षां तळाक उभो ऱ्हवलंय, पण हंडी फुटताना एकदाय बघूक नाय. मानेर पाणी पडला की समजायचा, फुटली."

मी मानेवर हात फिरवला. घामाने चिंब ओली होती.