दिनूला मिळालेली चांगली उत्तरं

दिनू गेल्याचं सांगायला जालन्याच्या कॉलेजातला शिपाई एसटीने आमच्या गावी, धावड्याला आला. मी शेतात निंदत होते. बांधावर उभा राहून तो म्हणाला, "मावशी, जल्दी चला, सर लई बीमार हैत." नुसत्या बीमार माणसासाठी कॉलेज शिपाई पाठवत नसतं. मी विचारलं, "कधी गेला?" तो रडायला लागला. पाणी मीच त्याला दिलं.

कावीळ झाली होती. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. कॉलेजातल्या शोकसभेत त्याला ज्ञानतपस्वी म्हटलं. तसलं काही नव्हतं. दिनूला नावामागे 'डॉक्टर' लावायचं होतं, आणि ते तो उघड बोलायचा. त्यात वाईट काय?

तो माझ्या भावाचा मुलगा. आईबाप लवकर गेले, म्हणून माझ्याकडे वाढला. माझे वडील जालन्याला रेल्वेत हमाल होते, त्यामुळे मला मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकता आलं. तेवढं मी त्याला मारून शिकवलं, पुढचं त्याचं त्याने. भोकरदनला बोर्डिंगात राहून मॅट्रिकला बसला, एकदा इंग्रजीत आपटला, पुन्हा बसला. मग औरंगाबादला बी.ए., एम.ए. विषय समाजशास्त्र. मी विचारलं, त्यात काय शिकवतात? म्हणाला, "माणसं एकमेकांसंगं कशी राहतात, ते."

"त्याला कॉलेज कशाला? चावडीवर जाऊन बस की."

"चावडीवर मला बसू देतेत का, आत्या?"



जालन्याच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर त्याने डॉक्टरकी, म्हणजे पीएच.डी., धरली. विषय आमच्याच वस्तीचा. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून घराघरात काय बदललं, ते विचारून लिहायचं. रविवारी तो छापील प्रश्न घेऊन यायचा. तो येण्याआधीच आमच्या सखानानाने बुद्धविहारासमोर माणसं जमवली. नाना वस्तीतला सगळ्यात जुना माणूस, त्याचा शब्द चालतो. तो म्हणाला, "पोराची परीक्षा हाय. पेपर आपल्याला सोडवायचा हाय. कोनी वाकडं उत्तर दिलं तर पोरगं नापास व्हईल. समदे बराबर बोला."

सगळे बराबर बोलले. जुने देव? नदीत सोडले. नवस? न्हाई. हुंडा? न्हाई. दारू? नानाने "बिलकुल न्हाई" म्हटलं तेव्हा अंगणातून त्याच्या तोंडाचा वास मला आत चुलीपाशी येत होता. दिनूने खाली मान घालून लिहून घेतलं. मी हसले. माझ्याशेजारच्या पारूने तर आपल्या घरात रोज वर्तमानपत्र वाचतात म्हणून सांगितलं. तिच्या घरात वाचता येणारं कोणी नाही. मला मात्र दिनूने विचारलंच नाही. म्हणाला, "घरच्या माणसाची मुलाखत धरत न्हाईत, आत्या."

विद्यापीठातल्या त्याच्या सरांनी कागद चाळले आणि म्हणाले, ही सगळी उत्तरं एकाच माणसाची आहेत, तुम्ही घरी बसून भरली आहेत. पुन्हा जा, खरं आणा. हे सांगताना दिनूचा आवाज बारीक झाला होता. घरोघर पायपीट केलेल्या माणसाला लबाड ठरवलं होतं.

मी म्हटलं, "तुला ठावं हाय ना कोणाच्या घरात काय हाय ते? मंग लिहून टाक."

त्याने कागदांची चळत सारखी केली. मग म्हणाला, "गावातले लोक आधीच म्हनतेत, ह्यांचा धरम नुसता कागदावर बदलला. तेच मी माझ्या नावानं लिहून देऊ?"

"मंग नको लिहू."

"मंग डॉक्टर कसा व्हऊ?"

तो पुन्हा घरोघर हिंडायला लागला. लोकांना वाटलं, पहिली उत्तरं कमी पडली. त्यांनी आणखी चांगली दिली... मुदत संपत आली होती. आठवडाभर शिकवायचं, रविवारी इथे यायचं, मिळेल तिथलं पाणी प्यायचं. त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी दवाखान्यात जा म्हटलं. "थोडी घरं राह्यलीत, तेवढी व्हऊ दे," म्हणाला. मी कागद हिसकावून घेतले, तर माझ्यावर ओरडला. जन्मात पहिल्यांदा.

दिनूच्या जलदानाचा विधी उरकल्यावर एका दुपारी सखानाना माझ्या दारात आला. म्हणाला, "बाई, एकबी उत्तर आम्ही वाकडं दिलं न्हाई. तरी पोराला डॉक्टर का न्हाई केलं?"

त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "तुमच्या चांगल्या उत्तरांनीच अडकला तो. विद्यापीठातल्या साहेबाला वाटलं, त्यानेच घरी बसून लिहिली."

नानाने दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "मंग आता खरं सांगू?"

"कोणाला?"

तरी तो अंगणातल्या बाजेवर बसला. रविवारी दिनू तिथेच बसायचा, म्हणून मी ती अजून उचललेली नाही. नानाने सांगितलं, सगळ्यांबरोबर त्यानेही मरीआई नदीत सोडली होती. पुढे नातू तापाने फणफणला, तेव्हा त्याच्या बायकोने वाळू उकरून ती परत आणली. कणगीमागे ठेवली. नातू वाचला, मग तिला पुन्हा नदीत टाकायची दोघांचीही छाती झाली नाही. विहारात वंदनेला हात जोडताना ती डोळ्यापुढे येते, म्हणाला. म्हणून दारू... ज्वारी पाखडता पाखडता मी ऐकत होते.

सांगून झालं तरी नाना उठला नाही. पुढचा प्रश्न कोणी विचारील म्हणून तसाच बसून राहिला.