येते हं, मावशी

परवा मिलानच्या परवाना-कचेरीत मुक्ताच्या कायम रहिवासाचं नवं कार्ड हातात पडलं. जुन्या कार्डावरचा आपला गोबरा चेहरा बघत माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, कायमचं असेल तर परत परत का करायचं?"

मला हसता आलं नाही. माझ्या नोकरीपायी ही पोर ना इथली झाली ना तिकडची, ही टोचणी माझ्या मनात सारखी असते.

निघताना तिनं खिडकीतल्या बाईंना हात केला आणि चक्क मराठीत म्हणाली, "येते हं, मावशी!"

"अगं, त्यांना काय कळणार?"

"मग काय, 'जाते' म्हणू? तूच ओरडतोस ना!"

खिडकीतून हसून उत्तर आलं, "अरिवेदेर्ची!"

"बघ, त्यापण 'पुन्हा भेटू'च म्हणाल्या. तेच की!"

इतकी वर्षं मी हा शब्द इथला निरोप म्हणून उच्चारत आलो. त्यात परतीचं बोलणं आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या लेकीला मात्र दोन्ही भाषांत ते सहज ऐकू येत होतं. मी मागे वळलो आणि त्या बाईंना म्हणालो, "येतो."