सोनेरी ठिपक्याची राणी

"ताई, राणी गेली!"

असं ओरडत मी आज सकाळी ताईंच्या खोलीकडे धावले.

दारात पोचल्यावर आठवलं. ताईंना जाऊन आजच वर्ष झालं.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. डोंबिवलीच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर नौपाड्यात आमच्याकडे आल्या.

आमच्या गॅलरीच्या ग्रिलला गांधीलमाश्यांनी पोळं केलं, तेव्हा मी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावत होते. ताईंनी फोन काढून घेतला आणि माझं नेलपॉलिश मागितलं.

पहाटे माश्या सुस्त असताना काडीच्या टोकाने एकेकीच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका. राणीला सोनेरी.

"आता कळेल कोण काय करते ते!"

"पण ताई, यांचं सगळं इन्स्टिंक्टच ना? आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलेलं."

"आम्हालाही! एकटा प्राणी पिंजऱ्यात ठेवा आणि अभ्यास करा. माकडाला नाव दिलं म्हणून आमचे सर केवढे भडकलेले! मग लोक जंगलात जाऊन वर्षानुवर्षं बसले. कोण कुणाची लेक, कुणाची कुणाशी गट्टी, सगळं ओळखायला लागले. आता तर कॉम्प्युटर माकडांचे चेहरे ओळखतो! अगं, शेजारणीसारखं बघायला शिकायला विज्ञानाला इतकी वर्षं लागली!"

मग म्हणाल्या, "या राणीनंतर कोण, हे माश्यांना ठाऊक असतं. आपल्याला आधी नाही ओळखता येत."

"मी ओळखीन. एवढं एकत्र कुटुंब चालवलंय. जी सगळ्यांना दामटते, तीच!"

"लाव पैज. अळूवड्यांची."

पुढे ताई हॉस्पिटलमध्ये, तिथेही तेच. "पोळं काढू देऊ नकोस गं. निकाल लागायचाय."

नाही काढू दिलं. नव्या माश्यांना ठिपके मीच लावत राहिले. डंखही खाल्ले.

आणि आज सोनेरी ठिपका कुठेच नाही!

माझी नजर हिरवीवर. दादागिरी तिचीच असायची.

पण उठली कोण? कोपऱ्यात गप्प बसणारी गुलाबी!

पोळ्यावर नुसत्या येरझारा. हिला ढकल, तिच्या अंगावर जा. आणि हिरवी चक्क मान खाली घालून बसली. कुणीही भांडलं नाही. जणू आधीच ठरलेलं.

गॅसवर चहा उतू गेला, तरी मी तिथेच.

ताई, तुम्ही जिंकलात.

अळूवड्या तळून तुमच्या फोटोपुढे ठेवल्यात.

गॅलरीचं दार उघडंच ठेवलंय, तुम्हालाही पोळं दिसावं म्हणून. नमस्कार करते.