आत्याबाईंसोबतचे रविवार

विषमज्वराने नवरा गेला, तेव्हा लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजूच्या एका खेड्यात आम्ही दोघं मिशनची शाळा चालवत होतो. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. लढाईच्या महागाईत तीही कोपरगावकडे उसाच्या कामाला गेली. उरलो मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणे.

लेकाला मूठमाती दिली त्या दिवसापासून आत्याबाईंनी प्रार्थना सोडली. "तुझ्या देवानं माझं लेकरू नेलं," म्हणायच्या. तुझ्या देवानं. खरं तर बाप्तिस्मा त्यांचा माझ्या कितीतरी आधी झाला होता.

रविवारी मी चटई टाकून एकटीच उपासना करी. गीत सुरू केलं की त्या उठून बाहेर गोवऱ्या थापायला जायच्या. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकवेना, म्हणून मी पुटपुटू लागले.

एकदा मिशनचे पाळकसाहेब आले. म्हणाले, "बाई, नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात शिक्षिका हवी आहे. सासूबाईंना शेवगावला त्यांच्या लेकीकडे पोचवू."

मी लगेच ट्रंक भरायला घेतली. माणसांत जायला मिळणार होतं. आत्याबाई दारात बसून बघत होत्या.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तुजं वय हाय. म्या न्हाई यायची. माजा ल्योक हितं हाय."

रागाने म्हणाल्या असत्या, तर मी गेले असते. मी ट्रंकेतली लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकली.

राहिले, पण मन लवकर राहीना. त्यांना दिसेनासं झालं होतं. मी न्हाऊ घालताना त्या पाण्यावरून, घास भरवताना मिठावरून बोलायच्या आणि मी आतून पेटायची. माझी प्रार्थना तेवढीच उरली: प्रभू, आज तोंडून वाकडा शब्द जाऊ देऊ नकोस. काही दिवस निभायचं, काही दिवस नाही.

अशाच एका रविवारी मी पवित्र शास्त्र वाचत होते. आत्याबाई बाहेर गेल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मला ऐकू येत न्हाई."

त्यानंतर दर रविवारी मी मोठ्याने वाचत असे. त्या बाहेर जात नसत.

दोन पावसाळ्यांनंतर त्या गेल्या. पाळकसाहेबांना निरोप पोचेपर्यंत थांबता येत नव्हतं. शेजारच्या मुसलमान पिंजारी भावांनी कबर खणली. थोरला म्हणाला, "बाई, तुमच्यात काय म्हनत्यात ते तुमीच म्हना. आमी हुबं ऱ्हातो."

बाईमाणसाने दफनविधी केलेला मी कधी पाहिला नव्हता. मी डोळे मिटून प्रार्थना केली. आवाज थांबू दिला नाही. दोघे भाऊ टोप्या घालून, मान खाली घालून शेवटपर्यंत उभे होते.

घरी येऊन सवयीने दोघींच्या भाकरी थापल्या. एक मी खाल्ली. उरलेली ताटलीत झाकून पिंजाऱ्यांच्या घरी नेऊन दिली.