पाचव्या खाटेची गोळी

डिचोलीच्या एका वृद्धाश्रमात मी दिवसपाळीची आया आहे. चौदा खाटा. कुणाला कुठली गोळी केव्हा दिली ते पूर्वी आम्ही वहीत लिहायचो, आणि बरेचदा लिहायचं राहून जायचं. म्हणून मॅनेजरांनी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका सरांना बोलावून एक्सेलमध्ये तक्ता करून घेतला.

"आत मॅक्रो घातलाय," सर आम्हाला म्हणाले. "एक जरी रकाना रिकामा राहिला तरी फाईल बंद व्हायची नाही. कोपऱ्यातली फुली कितीही दाबा."

"आणि कुणी कॉम्प्युटरच बंद केला तर?" मॅनेजरांनी विचारलं.

"मग दिवसभराचं भरलेलं जाईल. पण एकदा नीट बंद झाली की त्या पाळीचं पान कुलूपबंद. मागाहून कुणाला खाडाखोड करता येणार नाही."

मॅनेजर खूश झाले. मलाही बरं वाटलं. प्रत्येक नावापुढे दोनच शब्द यायचे, 'दिली' आणि 'नाही दिली'. त्यातला एक माऊसने निवडायचा. 'दिली' निवडलं की रकाना हिरवा. 'नाही दिली' निवडलं तर बाजूला कारणाचा रकाना उघडायचा, आणि तो टाइप करून भरल्याशिवायही फाईल बंद होत नसे.

मी चौथी शिकलेली. मराठी लिहिते, वाचते. पण कीबोर्डवरची अक्षरं इंग्रजी. ती जुळवून मराठी शब्द कसा उमटवायचा हे मला दोनदा दाखवूनही जमलं नाही. एकदा एका आजोबांनी गोळी थुंकली तेव्हा कारण भरून घ्यायला मी मॅनेजरांकडे गेले. त्यांनी भरलं, पण समोर बसलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या बाई गोळी देतात, कारण मात्र आम्ही द्यायचं." पाहुणे हसले. त्यानंतर मी कारण भरायला कुणाकडे गेले नाही.

पाचव्या खाटेवर केरी गावची आजी होती. तिला आकडी यायची. त्यासाठी सकाळी एक गोळी आणि संध्याकाळी सहाला पेज जेवल्यावर एक. उपाशीपोटी गोळी दिली की ती उलटी करायची. एरवी आजीचा काही त्रास नव्हता, पण संकष्टीला सकाळी एक केळं खाऊन गोळी घेतली की पुढे ती ऐकायची नाही.

"आजी, दोन घास पेज घ्या. गोळी द्यायची आहे."

"आज संकष्टी गो. चंद्र बघितल्याशिवाय माझ्या तोंडात शीत जावचा नाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"डॉक्टर माझ्या गणपतीपेक्षा मोठो काय? ठेव हंय ती गोळी. मगे घेतंय. मी काय पिशी आसंय इसरूक?"

चंद्र उगवायचा नवाच्या पुढे. माझी पाळी साडेसहाला संपायची आणि कारापूरला जाणारी माझी शेवटची बस पावणेसातला. रात्रीच्या बाईला तिचं पान उघडायचं तर माझं आधी बंद व्हायला हवं. पहिल्या संकष्टीला मी फुली दाबली, तेव्हा पडद्यावर आलं: 'एक रकाना रिकामा आहे.' पुन्हा दाबली, पुन्हा तेच. शेवटी मी 'दिली' निवडलं. रकाना हिरवा झाला आणि फाईल निमूट बंद झाली. गोळी मी कागदात गुंडाळून आजीच्या हातात ठेवली. सकाळी विचारलं तर म्हणाली, घेतली. पुढच्या संकष्टीला मी तसंच केलं.

तिसऱ्या वेळीही मी 'दिली' भरून गोळी आजीच्या हातात ठेवली, पण ठरवलं होतं, रात्रीच्या बाईच्या कानावर घालायचं. चंद्र उगवला की आजीला जेवायला घाल आणि गोळी घ्यायला लाव, एवढंच सांगायचं होतं. ती बेळगावकडची, बोलायला मोकळी. पण त्या संध्याकाळी ती आली आणि मॅनेजरांच्या टेबलापाशी चादरींचा हिशेब बघत उभी राहिली. मी पिशवी घेऊन दारात थांबले. तिथे बोलले असते तर मॅनेजरांनी विचारलं असतं, मग रकाना हिरवा कसा?

"काय अक्का, बस चुकवणार काय आज?" ती म्हणाली. "की दाजी न्यायला येतायत?"

मॅनेजर हसले. मी "नाही, जाते" म्हटलं आणि निघाले. बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, हेसुद्धा आठवतंय.

सकाळी आठला आले तर पाचवी खाट रिकामी. पहाटे आजीला एकामागून एक दोन आकड्या आल्या होत्या. रुग्णवाहिका इस्पितळात घेऊन गेली होती. रात्रीच्या बाईचे डोळे सुजले होते.

"तू गोळी दिली होतीस ना अक्का? हिरवं होतं म्हणून मी परत विचारलं नाही गं."

मी चादर बदलायला खाटेपाशी गेले. उशी उचलली तर खाली कागदाची घडी होती, मी घातली होती तशीच. गोळी आत होती. ती घडी मी मुठीत घेतली.

ऑफिसचं जनेल उघडं होतं, खिडकीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं. आत मॅनेजर इस्पितळातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होते. "हो, संध्याकाळची गोळी दिलेली आहे. माझ्यासमोर तक्ता आहे. एकही चुकलेली नाही." मग ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे या गोळीचा उपयोग होत नाही म्हणता. बरं, दुसरी जोराची चालू करा. तुम्ही म्हणाल तसं."

गोळी पोटात गेलीच नव्हती आणि तिचा उपयोग होत नाही म्हणून आजीच्या अशक्त अंगात आणखी जोराचं औषध जाणार होतं. ते थांबवायचं तर मीच थांबवू शकत होते.

तरीही मी आधी दुसरंच केलं. मॅनेजर फोन ठेवून बाथरूमला गेले तेव्हा आत शिरले आणि कालचं पान उघडलं. वाटलं, हिरवा रकाना बदलून ठेवते, मग त्यांचं त्यांनाच दिसेल. माऊस दाबला. काही हललं नाही. पुन्हा दाबला. कितीदा दाबला कोण जाणे. ते हिरवं तसंच राहिलं.

"बाई, काय करताय तुम्ही?"

मॅनेजर मागे उभे होते.

"गोळी," मी म्हटलं.

"काय? मोठ्यानं बोला."

"आजीनं गोळी घेतली नाही. मी खोटं भरलं."

मुठीतला कागद मी टेबलावर ठेवला. ते खुर्चीत बसले आणि घडी उलगडून गोळी बघितली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. मी आत्ताच त्यांना उलटं सांगितलंय."

परक्या पुरुषाशी फोनवर बोलायची मला सवय नाही. डॉक्टर दोनदा "हॅलो" म्हणाले. मग मी एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, "थांबा," आणि बाजूला कुणाला तरी मोठ्यानं म्हणाले, "ते इंजेक्शन भरू नका." मग मला विचारलं, "याआधी कधी चुकली होती का?"

मी मॅनेजरांकडे पाहिलं. "आधीच्या दोन संकष्ट्यांनाही मी तसंच भरलं होतं," मी म्हटलं. "आजी म्हणाली, घेतली. मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

मॅनेजर उठून जनेलापाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्या दिवशी मी तेरा जणांचं अंग पुसलं, जेवण वाढलं. दर वेळी फोन वाजला की हातातलं भांडं खाली ठेवायची. दुपारी कळलं, आजीला तिसरी आकडी आली. माझ्यामुळे औषध थांबवलं आणि त्यामुळेच ती आली असं वाटून मी मोरीत जाऊन बसले. रडूही येईना. संध्याकाळी कळलं, जुनीच गोळी नीट चालू केली आहे आणि आजी झोपली आहे.

सहाव्या दिवशी आजी परत आली. बोलणं जड झालं आहे, शब्द शोधावा लागतो. हे आकडीमुळे की वयामुळे, ते डॉक्टरही सांगत नाहीत. मला कामावरून काढलं नाही. दुसरी बाई मिळत नाही, असं मॅनेजर कुणाला तरी सांगत होते.

डॉक्टरांनी आजीचा उपास बंद केला आहे. त्याबद्दल तिचा राग माझ्यावर. मी पेज घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करते. कालच म्हणाली, एकेक शब्द ओढत, "तू... सांगितलंस. तुझ्यापायी माझी संकष्टी गेली." मग गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे न बघता तोंड उघडून जीभ वर केली. खाली काही नाही हे मी वाकून पाहिलं. रोज पाहते. ती तोंड मिटते आणि मी पेला उचलून पुढच्या खाटेकडे जाते.