जोडहोडीचा मालक

कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावांना मी नर्स म्हणून जायचे, ते एका मासेमाराच्या जोडहोडीतून. फौजेतून परतल्यावर त्याने दोन होड्या फळ्यांनी एकत्र जोडून मागे इंजिन बसवलं होतं. आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती.

"होडी लय गुणाची हाय, बाई," कुणी न विचारताच तो सांगायचा. "एवढ्या वर्षांत एकदा बी दगा दिला न्हाई." फळ्या करकरल्या की त्याचा आवाज चढायचा. मला मात्र ती करकरच ऐकू यायची.

एकदा दिवस भरलेल्या एका बाईला मी दवाखान्यात आणत होते. मधोमध आलो आणि वारा सुटला. इंजिन बंद पडलं, लाटांनी दोन्ही होड्या वेगवेगळ्या हलू लागल्या. त्याने जाळं तरंगत ठेवणारा रिकामा बंद डबा सोडला आणि त्या बाईच्या पाठीशी घट्ट बांधला. डबा एकच होता. मग तो इंजिनाच्या हँडलला भिडला. किती वेळ गेला, ठाऊक नाही. अखेर ते धडधडलं.

काठावर आल्यावर तो तिचा डबा सोडायला बसला, पण सोडायच्या ऐवजी गाठ आणखीच आवळत गेला. शेवटी ती मीच सोडली. बाईला बैलगाडीत बसवलं.

"होडी झ्याकच हाय," तो खाली बघत म्हणाला. "मला पान्याचं भ्या वाटतं बाई. पैल्यापास्नं."