यीस्ट सोडून सगळं पोचलं

जानेवारीतला तिसरा शुक्रवार, आखातातलं सोहार, संध्याकाळचे सहा. हजर: मी, बायको आणि फोनवर कॅनडाहून मुलगा. मुलाचा कॅमेरा बंद.

मी बंदराजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. कोण हजर, काय ठरलं, कोणी करायचं, हे टिपून ठेवायची सवय घरीही सुटत नाही. त्या शुक्रवारी टिपून ठेवण्यासारखं खरंच काहीतरी घडलं, आणि तसं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

मुलाची नोकरी गेल्या उन्हाळ्यात गेली. आधी तो रोज अर्ज करायचा. मग अर्ज थांबले, मग बाहेर पडणं थांबलं. जेवण दारात येतं, कचरा दारातच साठतो. डॉक्टरकडे एकदा गेला, गोळ्या घेऊन आला, पुन्हा गेला नाही. आम्ही फोन करतो तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि त्याचा आवाज पांघरुणातून येतो. सोहारच्या शाळेत वाढल्यामुळे त्याचं मराठी आधीच चाचपडत चालायचं. आता तीनच शब्द उरले होते: हो, नाही, बघतो.

त्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "घरी बिअर करून बघावी म्हणतोय."

बायकोने आयुष्यभर मला हॉटेलच्या बारकडे नीट बघूही दिलेलं नाही. ती फोनजवळ सरकून म्हणाली, "कर ना. नक्की कर."

"काय काय लागतं?" मी विचारलं.

"बघायला लागेल, बाबा."

"मी बघतो," मी म्हणालो.

आणि बघितलंच. इथे घरी बिअर करणं गुन्हा, त्यामुळे यातली एकही वस्तू मी कधी हातात धरलेली नव्हती. रोज जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो. नवख्याने धान्यापासून सुरुवात करू नये, माल्टच्या तयार पाकाचा डबा घ्यावा. काचेची बरणी जड असते आणि फुटते. झाकणाची प्लास्टिकची बादली बरी, पण आतून घासायची नाही, ओरखड्यांत जंतू बसतात. आतला वायू बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही अशी पाण्याची छोटी नळी झाकणात बसवायची. थर्मामीटर, बाटल्या, बुचं, बुचं दाबायचं यंत्र. धुवायचं औषध सगळ्यात आधी, कारण पहिली बिअर नासते ती बहुतेक वेळा अस्वच्छतेने. आणि यीस्ट, त्याशिवाय बिअर आंबतच नाही.

बादली केवढी असते ते आकड्यावरून कळेना, म्हणून बाजारात जाऊन तेवढ्याच लिटरची एक घेतली. दुकानदार केरळचा.

"अचार डालेगा?"

"हां."

"इतना अचार कौन खाएगा, साब?"

"बेटा," मी म्हणालो.

घरी नळाखाली भरून पाहिली. भरलेली उचलवेना, म्हणजे मुलाच्या बादलीला खाली तोटी हवी, हे पक्कं झालं. बायको म्हणाली, "झाली परीक्षा? आता हिच्यात माझे तांदूळ राहतील."

पुरवठादारांचं माझ्या पद्धतीने केलं. तीन ठिकाणी विचारणा, तीन कोटेशनं. पहिली ऑनलाइन कंपनी, दर नीट लिहिलेले, सामान घरपोच. दुसरीकडे सगळा संच तयार, पण बरणी काचेची. तिसरं एक छोटं दुकान, मुलाच्या घरापासून तीन स्टॉपवर. त्या मालकाने दोन ओळींचं उत्तर पाठवलं: दर कसले लिहून देऊ, मुलालाच पाठवा. शनिवारी सकाळी चार जण बसलेले असतात, स्वतः केलेली बिअर घेऊन येतात, तोही बसेल.

त्या नावापुढे मी लिहिलं: लेखी दर नाहीत, बाद.

ऑर्डर पहिल्याला दिली. दोनदा फोन करून खोकं वेळेत पोचवलं. यीस्ट तेवढं आलं नाही; थंडीत गोठतं म्हणून त्यांनी ते रद्द केलं. खोकं पोचल्यानंतरच्या शुक्रवारी मी आग्रह केला तेव्हा मुलाने क्षणभर कॅमेरा लावला. दाढी वाढलेली. मागे दाराशी खोकं होतं, बंद, वर त्याचा कोट टाकलेला.

"उघडलं नाहीस?"

"नाही."

"यीस्ट सोडून सगळं आहे बघ त्यात."

"हो. बाबा, ते तीन स्टॉपवरचं दुकान आहे ना. मी तिथे जाणार होतो. शनिवारी लोक असतात. म्हणून तर सुचलं."

"मग जा की."

"आता काय घ्यायला जाऊ? सगळं आलंय."

हे तो रागाने म्हणाला नाही. रागावला असता तर मी ते सोसलं असतं. कॅमेरा पुन्हा बंद झाला.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्याच्या घराबाहेर पडायचीसुद्धा तुम्ही कोटेशनं मागवलीत." मग आत जाऊन तिने कुकर लावला. तांदूळ घेताना बादलीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

मी छोट्या दुकानाच्या मालकाला लिहिलं, या वेळी दर न विचारता. यीस्टचं एक पाकीट मुलाच्या नावाने फ्रीजमध्ये ठेवतो, असं त्याने कळवलं. खाली विचारलं, जाता जाता घरी टाकू का? मी 'हो' टाइप केलं. ते खोडायला मला फार वेळ लागला. 'नको, तो येईल' असं पाठवलं, आणि आपण खोटं लिहिलं असं तेव्हाही वाटलं.

त्यानंतर बरेच शुक्रवार गेले. सोहारला आता एसी दिवसरात्र चालतो, तिकडचं बर्फ वितळलं असेल. ऑनलाइन कंपनीचा मेल आला आहे: यीस्ट पुन्हा उपलब्ध, घरपोच. तो मी पुसलेला नाही, आणि ऑर्डरही दिलेली नाही.

आजही आम्ही तिघं हजर होतो, कॅमेरा बंद.

"उद्या शनिवार," मी म्हणालो.

"बघतो."

बाकी काम: तीन स्टॉपवरच्या दुकानातून यीस्ट आणणे. कोणी करायचं: मुलगा.